बासरीने कुणाचे कान जात नाहीत

गेल्या वर्षीपर्यंत माझी हजेरी निम्मीच लागायची. मी वर्गात असायचे, "हजर" असंही म्हणायचे, पण ते माझं मलाच ऐकू यायचं आणि बाईंच्या वहीत गैरहजेरी पडायची. या वर्षी मी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले. मधल्या काळात काय झालं, असं सगळे विचारतात. खरं कारण सांगितलं तर कुणाला पटत नाही. मी मेटल ऐकायला लागले, एवढंच झालं.

मेटल म्हणजे ती गाणी, ज्यांत गिटार करवतीसारखी चालते, ड्रमवाला दोन्ही पायांनी ड्रम बडवतो, आणि गाणारा गातोय की कुणीतरी त्याला गिळतंय हे पहिल्या फटक्यात कळत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर शिवणकामवाल्या काकू राहतात. त्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जिना चढून वर आल्या आणि आईला म्हणाल्या, "अहो, कुणाला उलट्या होतायत का? लिंबू देऊ?"

मी न्हाणीघराचं दार लावून तसा आवाज काढायचा सराव करायचे. तो घशातून काढला तर घसा बसतो, पोटातून काढायचा असतो. महिनाभराने जमला. आणि एकदा पोटातून आवाज निघायला लागला की वर्गात "हजर" म्हणणं म्हणजे डाव्या हातचा मळ.

आता फुकट काहीच मिळत नाही. आवाजाबरोबर मला "हडळ" हे नावही मिळालं. वहीच्या मागच्या पानावर मी काढलेली कवटी बघून वर्गशिक्षिकांनी मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं ठीक होतं. फक्त बाबांचे कान ठीक नव्हते, पण कानच ते, त्यांच्याबद्दल हळू आवाजात कुणी विचारत नाही.

बाबा डब्यांच्या कारखान्यात प्रेसवर आहेत. पत्रा सरकवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, वरून ठोका पडतो आणि खाली झाकण तयार. मिनिटाला बावीस झाकणं. अशी एकोणीस वर्षं. एका शेडमध्ये अशी चौदा प्रेस. कानात घालायचे स्पंजचे बोळे वर्षातून एकदा मिळतात, ते दोन महिन्यांत काळे होऊन पडतात, मग माणसं कापूस घालतात.

कान एकदम जात नाहीत, वरच्या पट्टीकडून जातात. आधी पक्षी गेले, मग दाराची घंटा, मग आईची हाक. बाबांना जुनी गोड गाणी आवडायची, उंच पट्टीतली. एक दिवस त्यांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "हल्ली बायका नुसतं तोंड हलवतात." तेव्हापासून ते गाणी ऐकेनासे झाले. माणसांचं बोलणंही कमीच पोचायचं. मग त्यांनी एक युक्ती काढली. समोरचा काय बोलला ते कळलं नाही की हसायचं आणि मान हलवायची. त्यामुळे बाबा फार मनमिळाऊ आहेत असं सगळ्यांचं मत आहे. एकदा तर असंच हसून मान हलवत त्यांनी काकूंची शिवणाची कात्री धार लावून आणायचं कबूल केलं होतं. काकू पंधरा दिवस कात्री काढून ठेवून त्यांची वाट बघत होत्या.

तर मी एकदा माझा छोटा स्पीकर जेवणाच्या टेबलावर ठेवून गाणं लावलं होतं. बाबांचा एक हात टेबलावर होता. ते हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "हे काय लावलंस?"

मी बंद करायला गेले.

"अगं राहू दे. हे येतंय मला."

त्यांनी स्पीकर उचलून हनुवटीखाली धरला, कानाच्या मागच्या हाडाला लावला, परत हनुवटीखाली आणला. खालचे जाड ठोके त्यांना येत होते. ती सगळी गाणी, जी जगाला गाणी वाटत नाहीत, माझ्या बाबांना फक्त तीच ऐकू येत होती. गाणं संपल्यावर ते म्हणाले, "ड्रमवाला पक्का आहे हो. एक झाकण वाया घालवत नाही."

त्या दिवसापासून आमचं ठरूनच गेलं. ते कामावरून आले, हात धुतले, की दोन गाणी. आवाज कायम नऊवर. फोनवर तीस आकडे आहेत, त्यातला नऊ. खाली काकू आहेत ना. आणि बाबांना जास्तीची गरजच नव्हती, हाडाला लावलं की नऊ पुरायचे.

कारखान्याबाहेरच्या एका कानाच्या डॉक्टरांनी बाबांची तपासणी करून एक आलेख दिला होता. त्यातली रेघ घसरगुंडीसारखी खाली गेलेली. ते आईला म्हणाले, "अजून दोन वर्षं प्रेसवर राहिले, तर उरलंय तेही जाईल." कारखान्याच्या स्टोअरमधले म्हातारे भांडारवाले महिनाअखेर निवृत्त होणार होते. ती खोली शेडपासून लांब, जाड भिंतींची. बाबांनी तिथे बदलीचा अर्ज केला. नियम असा की कान कामामुळे गेलेत असं ठरलं तर बदली द्यावीच लागते. आपोआप गेले असतील तर ज्याचं तो बघेल. ते ठरवायला कारखान्याचे कल्याण अधिकारी घरी येणार होते, शनिवारी दुपारी.

शनिवारी सकाळी आई माझ्या पोस्टरखाली येऊन उभी राहिली. काळ्या पोस्टरवर एक शिंगवाली कवटी आहे आणि तिच्या डोळ्यांतून झाड उगवलंय. मला ते सुंदर वाटतं.

"हे आजच्या दिवस काढून ठेव."

"का? आपण काय चोरी केलीये?"

"चोरी नाही गं. पण परका माणूस घरात येणार. शितावरून भाताची परीक्षा करतात लोक."

"मग त्यांना सगळा भात दाखवू," मी म्हणाले. "मी समजावून सांगते. मला येतं बोलता."

पूर्वी आई मला गप्प बसल्याबद्दल बोलायची. आता तिला काय बोलावं कळेना. तिने टेबल पुसलं आणि पोस्टर तसंच राहू दिलं. त्या वेळी तिने मला एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

साहेब चांगले होते, हे मला मुद्दाम लिहायचंय. चपला बाहेर काढल्या, पाणी मागितलं, बाबांना "बसा ना, बसा" म्हणाले. कागदावर बघत त्यांनी प्रश्न विचारले. मान खाली असल्यामुळे बाबांना ओठ दिसत नव्हते, म्हणून उत्तरं आई देत होती. किती वर्षं, कोणती पाळी, लहानपणी कानाचा काही आजार. सगळं नीट चाललं होतं. मग साहेबांनी वर बघितलं आणि कवटी बघितली.

"हे काय?"

आई म्हणाली, "मुलीचं आहे. वय आहे."

आणि मी उभी राहिले. स्पर्धेत उभी राहिले होते तशीच, पाय जोडून. मी सांगितलं की हे मेटल आहे, लोकांना वाटतं त्यात नुसता आरडाओरडा असतो पण त्यात फार अवघड ताल असतो, आणि बाबांना दुसरं काहीही ऐकू येत नाही पण हे येतं, आम्ही रोज ऐकतो.

"रोज?" साहेब म्हणाले.

"रोज. दाखवू?"

आईने डोळे मोठे केले. ते मी पाहिले. पाहूनही मी लावलं. नऊवर.

बाबांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण स्पीकर दिसल्यावर त्यांचा चेहरा उजळला. पाहुण्यांना आपल्या घरातली चांगली गोष्ट दाखवतोय, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी स्पीकर घेतला, हनुवटीखाली दाबून धरला, डोळे मिटले आणि पायाने ठेका धरला. अर्ध्या मिनिटाने डोळे उघडून साहेबांना म्हणाले, "एकदा लावून बघा हाडाला. मजा येते."

साहेबांनी स्पीकर घेतला नाही. ते लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी मान खाली ठेवूनच काहीतरी विचारलं, आणि बाबा हसले, त्यांनी मान हलवली.

आठ दिवसांनी कागद आला. "सदर कामगाराच्या घरी अतिकर्कश संगीत नित्य ऐकले जाते. त्यामुळे श्रवणदोषाचा संबंध कामाशी जोडता येत नाही."

आई मला एक शब्द बोलली नाही. जाता येता एखादा टोमणा मारला असता तरी मला हलकं वाटलं असतं. मावशीचा फोन आला तेव्हा मात्र स्वयंपाकघरातून ऐकू आलं. "नाही गं, तिची काय चूक. तिला वाटलं बोलून होतं."

मग मला वाटलं, अजूनही बोलून होईल. फोनवर आवाज मोजायचं एक ॲप असतं. मी दोन दिवस सगळं मोजलं. आमचं गाणं, स्पीकरपासून हातभर अंतरावर: अठ्ठावन्न डेसिबल. काकूंचं शिवणयंत्र: सत्तर. आमचा मिक्सर: शहाऐंशी. सगळं वहीत रकाने पाडून लिहिलं आणि शाळा सुटल्यावर गणवेशातच कारखान्याच्या कार्यालयात गेले.

साहेबांनी ओळखलं. "ये बाळ, बस." त्यांच्या मागच्या कपाटावर रेडिओ होता आणि त्यावर मंद, गोड बासरी लागली होती. मी वही पुढे केली. ते खरंच वाचत होते, रकान्यावर बोट फिरवत.

"हे तू मोजलंस?"

"हो. तुमचा रेडिओ मोजू?"

ते हसले. "मोज."

मी फोन धरला. त्रेसष्ट. मी त्यांना आकडा दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि मग मला समजावल्यासारखं म्हणाले, "अगं, पण ही बासरी आहे. बासरीने कुणाचे कान जात नाहीत."

"पण आकडा जास्त आहे."

"आकडा असेल. मी तुझ्या वडिलांना पाहिलं ना बाळ, माझ्या डोळ्यांनी. ते यंत्र गळ्याशी दाबून, डोळे मिटून. असं कुणी नादाला लागलेला माणूसच करतो."

"त्यांना ऐकू येत नाही म्हणून ते तसं धरतात."

"तेच तर मी लिहिलंय. ऐकू येत नाही."

खिडकीबाहेर शेड होती. बंद काचेतूनही ठोके येत होते, टेबलावरचं पाणी पेल्यात थरथरत होतं. मी उठून फोन काचेला लावला. एक्क्याऐंशी. "हे बंद काचेतून आहे," मी म्हणाले. "आत जाऊन मोजू द्या मला. पाच मिनिटं."

"आत शाळकरी मुलांना परवानगी नाही. कानाला धोका असतो," साहेब म्हणाले.

हे त्यांनी म्हटलं आणि त्यांना काहीच वाटलं नाही. मी थांबले, त्यांचं त्यांना ऐकू येईल म्हणून. त्यांनी वही मिटून मला परत दिली, दोन्ही हातांनी, आदराने.

"हुशार मुलगी आहेस तू. एवढं छान बोलतेस. मग असलं का ऐकतेस?"

माझ्याकडे याचं उत्तर होतं. पोटातून यायला हवं होतं. पण मी "येते" म्हणाले, आणि ते इतकं हळू की साहेबांनी "काय?" असं विचारलं.

स्टोअरची जागा पहिल्या तारखेला भरली. दुसरं कुणीतरी लागलं तिथे. बाबा पाच नंबरच्या प्रेसवर आहेत, होते तिथेच.

पोस्टर मी स्वतःच काढलं. भिंतीवर त्याच्या जागी स्वच्छ चौकोन राहिलाय, आता तो सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "हल्ली शांत झालीस, छान." हजेरीला मी म्हणते "हजर", कधी लागते, कधी नाही.

चार महिने झाले. गाणी मी बंदच केली होती. परवा बाबा कामावरून आले, हात धुतले, टेबलाशी बसले आणि टेबलावर दोनदा टिचकी मारली.

"लाव की गं."

मी स्पीकर काढला. नऊवर लावलं. त्यांनी हनुवटीखाली धरला, मग कानामागे, मग कपाळाला.

"लावलंस का?"

मी बारावर नेलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. पंधरा. खिडकीची काच वाजायला लागली. "आता येतंय थोडं," बाबा म्हणाले. "अजून वाढव." अठरावर खालून काकूंनी छताला काठीने ठोकलं. तो ठोका बाबांना टेबलातून लागला असावा, कारण ते खूश होऊन म्हणाले, "हा पक्का आहे."

साहेबांनी लिहिलं होतं ते आता खरं झालं होतं. अतिकर्कश. नित्य.

मी त्यांच्याकडे पाठ करून भिंतीवरच्या चौकोनाकडे बघत म्हणाले, "बाबा, तुमची बदली माझ्यामुळे हुकली. आई पोस्टर काढ म्हणाली होती. मी काढलं नाही."

मग मी वळले. बाबा माझ्याकडेच बघत होते. ते हसले आणि त्यांनी मान हलवली.

खालून परत काठी वाजली. मी आवाज एकोणीसवर नेला.