एकट्यानं बसवलेला गिअरबॉक्स

मास्तरांच्या घरातल्या अबोल्याचा आज अकरावा दिवस होता, आणि त्याला कारण झाला होता एकच शब्द: 'एकट्यानं'.

मास्तर तंत्रशाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले. गाडी लग्नाच्या वर्षीच घेतलेली, आणि चौतीस वर्षांत तिला दुसऱ्या कुणा मेकॅनिकचा हात लागू दिला नाही हा त्यांचा अभिमान. जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींचा मेळावा होता, तिथे कुणीतरी विचारलं, "एवढं सगळं घरच्या गॅरेजमध्ये? मदतीला कोण असतं?" मास्तर छाती फुगवून म्हणाले, "कुणी नाही. सगळं एकट्यानं." बाई शेजारीच उभ्या होत्या. म्हणजे चौतीस वर्षं बॅटरीचा उजेड धरून गाडीशेजारी उभी राहिलेली त्यांची बायको. त्यांनी घरी येईपर्यंत चकार शब्द काढला नाही. दारात चपला काढताना एवढंच म्हणाल्या, "आता गिअरबॉक्सही एकट्यानंच बसवा."

तो गिअरबॉक्स नव्या बेअरिंगांसकट, धुऊनपुसून, गॅरेजच्या बाकावर तयार होता. चूक कबूल करायला मास्तरांना दोन मिनिटं लागली असती. पण काही माणसांना 'चुकलं' म्हणण्यापेक्षा पस्तीस किलोचं धूड उचलणं सोपं वाटतं. त्यांनी ठरवलं, खरंच एकट्यानं बसवून दाखवायचा. म्हणजे आपण खोटं बोललो असं होणार नाही. हे तर्कशास्त्र त्यांचं त्यांनाच ठाऊक.

दरम्यान घरातलं बोलणं सामानसुमानाशी चालायचं. "जेवण वाढलंय," बाई फ्रिजला सांगायच्या. "मला भूक नाही," मास्तर टेबलाला सांगायचे आणि जेवायला बसायचे. लेकीचा फोन आला की दोघंही तिच्याशी गोड बोलायची. तिला पत्ता लागला नाही. किंवा लागला असेल, पण पोरगी शहाणी होती.

आठव्या दिवशी मास्तरांनी गाडी चार लोखंडी घोड्यांवर चढवली आणि पाठीखाली पुठ्ठा घालून कामाला लागले. आधी क्लचची नवी प्लेट बसवली. मग सरकत्या जॅकवर फळी बांधली, आणि हाशहुश करत, मध्येमध्ये कंबर धरत, गिअरबॉक्स तिच्यावर चढवला.

खरी मेख पुढेच होती. गिअरबॉक्सच्या तोंडातून एक खाचांचा दांडा पुढे आलेला असतो. तो क्लचच्या प्लेटच्या मधोमध नेमका शिरावा लागतो. एकानं मागून रेटायचं, दुसऱ्यानं समोरून इंजिनची पुली केसभर फिरवायची, मग खाचेत खाच जाते. पुली फिरवणारीशी अबोला. मास्तरांनी डोकी उडवलेले दोन लांब बोल्ट वरच्या भोकांत घातले आणि त्यांच्यावरून गिअरबॉक्स पुढे सरकवला. वरचा गिअर टाकला, मागचं टोक एका हातानं इकडून तिकडे फिरवत राहिले आणि गुडघ्यानं रेटत राहिले. दोन बोटांची फट उरली ती उरलीच. बोल्ट आवळून ओढून घ्यायचा मोह त्यांना दहादा झाला. पण तसं केलं की कवच तडकतं, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत आले होते.

दहाव्या दिवशी दुपारी गिअरबॉक्स सुळकन आत गेला. काही कारण नाही, काही नाही, मनात आलं तसा गेला. मास्तर हात पसरून तिथेच पडून राहिले. खरंच एकट्यानं! आनंदानं त्यांचा ऊर भरून आला. मग लक्षात आलं की हे सांगायचं कुणाला, आणि ते बराच वेळ उठलेच नाहीत.

आज अकराव्या दिवशी उरलेलं सगळं जोडून त्यांनी गाडी सुरू केली. क्लच दाबला, गिअर टाकला. कर्रर्र! पुन्हा दाबला. पुन्हा कर्रर्र. क्लच सुटतच नव्हता. नळीतली हवा काढली, पेडल तपासलं. शेवटी ते स्टिअरिंगवर हात ठेवून, डोळे मिटून एकेक गोष्ट आठवत बसले, आणि आठवलं. प्लेट बसवताना तिचा उंचवटा आपल्याकडे दिसायला हवा होता. दिसली होती सपाट बाजू. प्लेट उलटी गेली होती. आता सगळं पुन्हा उतरवायचं.

अशी घोडचूक आजवर कशी झाली नव्हती? मास्तर त्यावर पुष्कळ वेळ विचार करत बसले. दर वेळी प्लेट हातात देताना बाई विचारायच्या, "अहो, ही बाजू आत का बाहेर?" ते गाडीखालून ओरडायचे, "किती वेळा सांगायचं तुला!" आणि ओरडता ओरडता प्लेटकडे एकदा नीट बघायचे. या वेळी विचारायला कुणी नव्हतं, म्हणून बघितलंही नव्हतं. मास्तरांना स्वतःची लाज वाटली. ते हात पुसून स्वयंपाकघरात गेले.

गॅरेजला लागून असलेल्या भिंतीशी खुर्ची ओढून बाई वाटाणे सोलत बसल्या होत्या.

"ऐक," मास्तर म्हणाले, आणि या वेळी टेबलाला नाही. "मी त्या दिवशी खोटं बोललो. एकट्यानं मी कधीच काही केलं नाही. चुकलं माझं."

बाईंनी वर पाहिलं. "बसला ना पण?"

"बसला. पण प्लेट उलटी गेली. कुठली बाजू आत, असं तू विचारलं नाहीस ना!"

बाई आधी हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला वाटलं, मला कळत नाही म्हणून मी विचारते?"

"मग?"

"तीस वर्षं पोस्टात लोकांचे गिचमिड पत्ते वाचले मी. इंजिनकडची बाजू कुठली ते त्या प्लेटवर ठसठशीत लिहिलेलं असतं."

"मग विचारायचीस कशाला?"

"तुम्ही गाडीखाली असायचात. एखादी घोडी सरकली असती म्हणजे? काहीतरी वेडगळ विचारलं की तुम्ही खेकसायचात. खेकसलात की कळायचं, माणूस धड आहे."

"आणि हे चार दिवस?" त्यांनी हळूच विचारलं.

"इथेच तर बसलेय. मिक्सर लावला नाही, रेडिओ लावला नाही. पान्याचा आवाज येत होता तोवर बरं होतं." बाईंनी एक शेंग उगाच दोनदा उघडून पाहिली. "काल दुपारी आवाज थांबला."

"मग?"

"मग आले दारापर्यंत. हाक कशी मारणार, अबोला होता."

"किती वेळ उभी होतीस?"

"तुमचा पाय हलेपर्यंत."