मिझहरचा विस्तव

मिझहरने कालव्याच्या काठी पाहुण्यांसाठी बोरूच्या कमानींची बैठक उभारली आणि तिच्या मधोमध कॉफीचा विस्तव पेटवला. त्याचा मुलगा शल्लाल याने महापुराच्या वर्षी स्वतःचे घर बुडू दिले, पण तो विस्तव होडीत घालून वाचवला. शल्लालचा मुलगा सुगबान, म्हणजे माझे यजमान. सख्ख्या भावाचा मारेकरी दारी आला, तेव्हाही त्यांनी त्याला आधी पेला दिला आणि मग नाव विचारले. अशा तीन पुरुषांच्या वंशात माझा मुलगा नाइफ जन्मला. हे मी आधी सांगते, कारण पुढचे सारे याच बैठकीत घडले, आणि ते सांगताना आजही माझ्या तोंडाची चव बिघडते.

परदेशी फौज गावात शिरली त्या वसंतात सरकारी साहेब रातोरात नाहीसे झाले. म्युझियमच्या फाटकासमोर रणगाडा उभा राहिला. त्यावरचे शिपाई बिस्किटे खात बसले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत लोक हातगाड्या भरभरून नेत राहिले. मी ते छतावरून पाहिले. त्यात शाळामास्तर होता, गावची सुईण होती, ज्यांच्या लग्नांत मी जेवले अशी माणसे होती. कोणी काचेची कपाटे नेली, कोणी खुर्च्या, कोणी तर भिंतीतल्या विजेच्या ताराच उपटल्या. त्या गर्दीत नाइफ नव्हता, एवढे समाधान मी बाळगून होते.

पुढे सरहद्दीकडचा एक पाहुणा गाडी घेऊन बैठकीत उतरला. त्याचे नाव अबू रामिझ. पाहुण्याला तीन दिवस काम विचारायचे नाही हा आमचा रिवाज. मी विचारले नाही. चिंच लावून भाजलेला मासा पाठवला आणि पांघरायला माझ्या लग्नातली रजई.

दुसऱ्या दुपारी उस्ताद हिक्मत आले. म्युझियम त्यांच्या हाताखाली होते. पूर्वी सरकारविरुद्धचा उठाव फसला, तेव्हा शिपाई घरोघर तरणी पोरे शोधून भिंतीशी उभी करत होते. त्या दिवसांत उस्तादांनी कोठारातल्या एका पेटीतून प्राचीन दगडी बाई बाहेर काढली आणि तिच्या जागी, भुशात, माझ्या नाइफला निजवून वरून खिळे ठोकले. शिपाई आले, पण त्यांनी पेट्या उघडल्या नाहीत. जाताजाता बंदुकीच्या दस्त्याने उघड्यावरच्या बाईचा एक हात तेवढा तोडला. उस्तादांनी त्या उपकाराबद्दल पुढे कधी अवाक्षर काढले नाही.

बैठक पुरुषांची. मी तट्ट्यामागे बसून ऐकत होते. नाइफने पेला भरून दिला. उस्तादांनी तो ओठांना न लावता समोर चटईवर ठेवला. माझ्या हातातली जपमाळ थांबली. असा पेला ठेवणारा काही मागायला आलेला असतो आणि मागणे मान्य झाल्याखेरीज तो पीत नाही. तो तसाच उठून गेला, तर त्या घराला तोंड दाखवायला जागा राहत नाही.

"बोला उस्ताद, काय हवं?"

"बाई हवी. एका हाताची."

नाइफ हसला. "मला विचारता? दारात रणगाडा उभा होता, त्याला विचारा की!"

"रणगाड्यानं तिला रजईत नाही गुंडाळलं. तुझ्या पाहुण्याच्या गाडीत आहे ती. पाय बाहेर आलेत."

"मग साहेब किल्ल्या घेऊन पळाले, त्यांचं काही नाही? दार फोडलं त्यांचं काही नाही? मी तर त्यांच्याकडून घेतली. मी नसती घेतली, तर चुन्याच्या भट्टीत गेली असती."

अबू रामिझ दात कोरत होता. "आणि मी तर वाचवणारा माणूस, उस्ताद. तिकडे काचेत राहील, दिव्याखाली. इथं तिला कोण विचारतं? शिव्या द्यायच्या तर गिऱ्हाइकाला द्या. ते आहे म्हणून मी आहे."

"म्हणजे इथं सगळेच धुतल्या तांदळाचे," उस्ताद म्हणाले.

दोषाचा पेला या हातातून त्या हातात फिरत होता आणि तळाशी कोणीच पोचत नव्हते.

"शिवाय ती आता माझी राहिलीच नाही," नाइफ म्हणाला. "व्यवहार झाला. पाहुण्याचा माल माझ्या छपराखाली आहे. त्याला हात लावू दिला, तर आजोबांचं नाक कापलं जाईल. रिवाज तुम्हाला ठाऊक आहे."

शल्लालने पुरातून वाचवलेला रिवाज माझ्या पोराने चोरीच्या मालावर पहारेकरी म्हणून बसवला होता. मला किळस आली.

मी अंगणात गेले आणि गाडीतली रजई ओढली. आत नुसते धड होते. मानेवर करवत फिरवलेली; दगडाची पांढरी भुकटी रजईच्या टाक्यांत भरली होती. डोके शेजारच्या पोत्यात, कांद्यांबरोबर. करवतही तिथेच पडली होती. खजुराची झाडे छाटायची, आमच्याच घरची. तिच्या मुठीवरचे लाल फडके मी स्वतः गुंडाळले होते.

ती करवत घेऊन मी बैठकीत शिरले. आयुष्यात प्रथमच.

"आई, तू आत जा. पुरुष बसलेत."

"कुठं आहेत? दाखव ना."

"हाज्जिया, रागावू नका," अबू रामिझ कलिंगडाचा भाव सांगावा तशा सुरात म्हणाला. "डोकं वेगळं चांगलं खपतं. धड न्यायला जड."

मी त्याच्याकडे पाहिलेही नाही. "नाइफ, जिच्या पेटीत तू निजलास तिची मान कापलीस?"

"दगड आहे गं तो."

"शिपायांच्या लेखी तूही एक पोरगाच होतास. भिंतीशी उभा करायचा."

त्याची मान खाली गेली, पण जीभ चालूच होती. "पाहुणा आहे तो, आई. रिवाज मोडशील?"

"विस्तव आहे तोवर पाहुणा."

मी कॉफीचे मोठे भांडे उचलले आणि विस्तवावर रिते केले. राख उसळली, बैठकभर जळका वास पसरला. नाइफ लहानपणी ओरडायचा तसा ओरडला. मी ते भांडे राखेवर पालथे घातले. आमच्याकडे भांडे पालथे पडले की बैठक मेली.

"आता ही बैठक नाही," मी अबू रामिझला म्हणाले. "हे एका विधवेचं घर आहे आणि यात परका पुरुष बसलाय. ऊठ. गाडी ने, ओझं ठेव."

आरडाओरडा ऐकून शेजारचे माझे पुतणे दाराशी येऊन उभे राहिले होते. आता त्यांना कोणताही रिवाज अडवत नव्हता. अबू रामिझ चपला हातात घेऊनच गाडीकडे गेला.

धड पुतण्यांनी उचलले. डोके मी नाइफच्या हातात दिले. "छातीशी धर. बाजारातून जा, गल्लीतून नको. कोणी विचारलं तर मान कोणी कापली ते सांग." तो गेला. रणगाडा अजून तिथेच होता, मास्तरही आपल्या दारात होता. दोघांच्या समोरून त्याला जावे लागले.

उस्ताद राखेकडे पाहत बसले होते. "उम्म नाइफ," त्यांनी मला पोराच्या नावाने, नाइफची आई म्हणून, हाक मारली, "एवढं करायला नको होतं तुम्ही."

"पोराच्या जिवाचं देणं होतं तुमचं. फिटलं का, तेवढं सांगा."

त्यांनी समोरचा पेला उचलला. मिझहरच्या विस्तवावरची ती शेवटची कॉफी, केव्हाच निवलेली. ती त्यांनी गाळासकट संपवली आणि पेला दोन बोटांत हलवून माझ्या हाती दिला. पुरे, आता आणखी नको, याची आमच्याकडे हीच खूण.

"फिटलं," ते म्हणाले.