एका हाताने पेलणारं मशीन

मिस्त्रींचा उजवा हात आधी नुसता दुखायचा. मग चहाचा कप धरतानाही थरथरायला लागला. स्वयंपाकघरातली कपाटं बसवणं हे त्यांचं काम, आणि आयुष्यभर त्यांनी स्क्रू आवळले ते हातानेच. भिंतीला भोकं पाडायला वायरचं जुनं ड्रिल होतं, पण त्याने स्क्रू आवळायला गेलं की मनगटाला असा हिसका बसायचा की मिस्त्री ते शिव्या घालत खाली ठेवायचे. डॉक्टर म्हणाले, "हाताने पीळ द्यायचं काम बंद करा."

घरी येऊन मिस्त्री बायकोला म्हणाले, "त्यापेक्षा श्वास घेणं बंद करा म्हणाला असता तर बरं."

ती त्यांची नुसती बायको नव्हती, कामावरची जोडीदार होती. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हापासून ती त्यांच्याबरोबर जायची. गिऱ्हाइकं तिला मिस्त्रीणबाई म्हणायची. भिंतीवर कपाट चढवायचं तर एकाने खालून खांदा द्यावा लागतो आणि दुसऱ्याने आवळावं लागतं. खांदा तिचा असायचा. कपाट अडकलं की ती दारापर्यंत मागे जायची, डोळे बारीक करायची आणि सांगायची, "डावीकडून जरा उचला." आणि दिवसभर दोघांच्या गप्पा. मुलीच्या सासरचं, गळक्या छताचं, गिऱ्हाइकाच्या नाकाचं. त्यांची भांडणंसुद्धा कामावरच व्हायची, कारण घरी पोचेपर्यंत दोघांच्यात भांडायचं त्राण उरायचं नाही.

तिनेच त्यांना ओढत हत्यारांच्या दुकानात नेलं. दुकानदाराने बॅटरीवरचे दोन इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे स्क्रू आवळायची मशीनं, काढून समोर ठेवले; एक मोठं, एक छोटं.

"हे ड्रिलसारखंच दिसतंय," मिस्त्री कुरकुरले.

"दिसायला भाऊ-भाऊ, पण स्वभाव वेगळा," दुकानदार म्हणाला. "ड्रिल नुसतं फिरतं आणि अडलं की तुमचा हात पिरगाळतं. हे आतल्या आत हातोडीसारखे ठोके देत फिरतं. पीळ स्क्रूला बसतो, मनगटाला नाही. आवाज मात्र मोठा आहे. कानात बोळे घालत जा."

मिस्त्रींनी लगेच मोठं उचललं. "हे बघ, याला म्हणतात ताकद!"

"अहो, हात वर करून धरा," बायको म्हणाली. "तुम्हाला छताजवळ धरायचंय, दुकानदाराच्या टेबलावर नाही."

त्यांनी हात वर केला. थोड्याच वेळात पंजा थरथरायला लागला आणि मिस्त्री दुसरीकडेच बघू लागले. तिने छोटं त्यांच्या हातात दिलं.

"हे पेलतं का एका हाताने?"

"पेलतंय की."

"आणि स्क्रू टोकाला धरून ठेवावा लागतो का हो?" तिने दुकानदाराला विचारलं.

"छे! लोहचुंबक आहे. चिकटूनच राहतो."

"मग झालं. दुसरा हात मोकळा," ती म्हणाली. "हेच द्या."

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी मशीनचा घोडा पूर्ण दाबला आणि स्क्रू डोक्यासकट प्लायमध्ये गडप झाला.

"कपाट लावताय की विहीर खणताय?" ती पोट धरून हसली.

पण आठवड्याभरात त्यांचं बोट शहाणं झालं. हळू दाबायचं, मागून जोर द्यायचा आणि ठकठक सुरू झाली की लगेच सोडायचं. मनगटाची कळ कमी झाली. त्यांचा चेहरा उजळला. बघून तिलाही बरं वाटलं.

मग एक दिवस मिस्त्रींनी भिंतीला आधी एक लाकडी पट्टी ठोकली. कपाट तिच्यावर टेकवलं, डाव्या हाताने दाबून धरलं आणि उजव्या हाताने ठकठक करत आवळून टाकलं. ती खांदा पुढे करून तशीच उभी राहिली.

"बघितलंस? सुटला तुझा खांदा!" मिस्त्री स्टुलावरून उतरत म्हणाले. "उद्यापासून घरी आराम कर. फार केलंस माझ्यासाठी."

तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. पण ते इतके खूश होते, जणू तिच्यासाठी काही घेऊनच आले होते. शिवाय खांदा दुखतो म्हणून कुरकूर तीच करायची. ती म्हणाली, "बरं."

घरात तिचं मन रमेना. महिन्याभराने ती एका शिंपीणबाईंकडे काजं-बटणं करायला जाऊ लागली. संध्याकाळी मिस्त्री आले की ती विचारायची, "काय झालं आज?"

"काही नाही. तीन कपाटं बसली."

पूर्वी एवढ्या कामात दोघांच्या, रात्रीपर्यंत पुरतील एवढ्या गप्पा निघायच्या.

एकदा मिस्त्री तोंड पाडून आले. पाय न धुताच खुर्चीत बसले. "गिऱ्हाइकाने सगळी ओळ उतरवून परत लावायला लावली. वाकडी दिसते म्हणे. पातळी बघायच्या लेव्हलचा बुडबुडा अगदी मधोमध होता गं!"

"छत बघितलंत का? छतच तिरकं असेल."

"तेच होतं. नंतर कळलं. तू असतीस तर दारातूनच ओरडली असतीस. ये ना परत."

शिंपीणबाईंकडून सुट्टी घेऊन ती गेली. पण तिचा हात पोचायच्या आधी स्क्रू आत गेलेला असायचा. खांद्याची जागा पट्टीने घेतली होती. ती म्हणाली, "शिंपीणबाईंच्या सुनेचं ऐकलंत का?" तेवढ्यात ठकठक सुरू झाली. मिस्त्रींनी कानातला बोळा काढला. "काय म्हणालीस?"

"काही नाही."

दुपारी डबा खाऊन झाल्यावर त्यांनी मशीन तिच्यापुढे धरलं. "आता तू चालव."

पहिल्या स्क्रूच्या डोक्यातली खाच तिने पार झिजवून टाकली. दुसरा मात्र सरळ आत गेला, तिसरा त्याहून छान. तिला मजा वाटली. ती वळून बघते तर मिस्त्री खालच्या कपाटाला टेकून उभे होते. धरायला काही नाही, द्यायला काही नाही. दोन्ही हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

तिने मशीन खाली ठेवलं.

"तुला असंच वाटलं होतं का, मी पट्टी ठोकली त्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खूश होता."

"मला वाटलं, तुला मोकळं केलं." ते आपल्या पंजाकडे बघत राहिले. "ते मोठं मशीन घेतलं असतं तर? दोघं लागलो असतो त्याला."

"आणि तुमचा हात गेला असता. ते नको." ती खाली बसली. "निवडलं मीच. चुकीचं निवडलं असं म्हणताही येत नाही, म्हणून तर जास्त लागतं."

मिस्त्री तिच्याजवळ येऊन बसले. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक फोनवर कुणाला तरी सांगत होतं, आज संध्याकाळपर्यंत काम उरकेल म्हणून. आणि उरकलंच.

सोमवारी ती पुन्हा शिंपीणबाईंकडे गेली, कारण तिथे तिच्या हाताला काम होतं. मिस्त्री आता दिवसभरातलं काहीतरी लक्षात ठेवून तिला सांगायचा प्रयत्न करतात. "आज एका घरी ना," अशी सुरुवात करतात. पण काम करताना एकट्याने काही टिपलेलंच नसतं. मापं आठवतात, माणसं आठवत नाहीत. ती काही वेळ वाट बघते, मग पानं वाढायला उठते.