घरच्यांसाठी राखीव

सत्काराच्या टेबलाभोवती आठ खुर्च्या असणार होत्या आणि अर्नेस्टीन टॉलिव्हरकडे त्यांवर बसवायला माणसं नव्हती.

"मिस अर्नेस्टीन, घरची सात नावं द्या," मारिसोल फोनवर म्हणाली होती. मारिसोलची संस्था डेट्रॉइटमधल्या काळ्या आणि लॅटिनो समलिंगी, ट्रान्स मंडळींची. दरवर्षी आपल्यातल्याच एखाद्या जुन्या कार्यकर्त्याचा मान करायची. यंदा पंच्याहत्तरीच्या अर्नेस्टीनची निवड झाली होती.

तिनं बहिणीला फोन लावला. "व्हर्लीन, शनिवारी दुपारी जेवायला येतेस? माझा सत्कार आहे."

"तुझ्या त्या लोकांत? मग चर्चमध्ये तोंड कसं दाखवू मी?"

"मीही त्यांच्यातलीच आहे की."

"तू बहीण आहेस. म्हणून तर फोन उचलते."

बाकीची नावं दफनभूमीत होती. ऐंशीच्या दशकात एड्सनं पोरं भराभर जायची, आणि प्रेताला हात लावायला अंत्यविधीवालेही धजत नसत. शहराची बस चालवणारी अर्नेस्टीन पाळी संपली की त्या पोरांच्या घरी जायची. अंग पुसायची, दाढी करायची, आवडीचा शर्ट चढवायची. मग त्यांच्या आयांना पत्रं लिहायची. उत्तरं फार थोड्यांची आली.

शनिवारी ती जांभळी हॅट घालून गेली. हॉल भरला होता. तिच्या टेबलावर पाटी होती : 'घरच्यांसाठी राखीव'. पोरं-पोरी येत, फोटो काढत, "तुमच्यामुळे आम्ही आहोत," म्हणत आणि पाटी बघून आपापल्या टेबलाकडे वळत. तिनं एकटीनंच चिकन खाल्लं.

मारिसोलच्या ते फार उशिरा लक्षात आलं. "अहो, तुम्ही एकट्याच? मला सांगायचं ना!"

"असू दे गं. पाय पसरायला जागा मिळाली."

मंचावर तिनं त्या पोरांपैकी एकाच्या, रेजीच्या, फिकट जांभळ्या शर्टाची गोष्ट सांगितली. तो शर्ट घालूनच त्याला पुरलं होतं. हॉल रडला, उभा राहून टाळ्या वाजवत राहिला. पण त्या गर्दीत तो शर्ट पाहिलेलं एकही माणूस नव्हतं.

पाहिलेला एकच उरला होता, ल्यूशस. त्या दिवसांत प्रेत उचलताना चादरीचं दुसरं टोक तोच धरायचा. आता तो वृद्धाश्रमात होता आणि त्याला समोरचं माणूस ओळखू येत नसे. ती मानचिन्ह घेऊन बसनं तिकडे गेली.

ल्यूशसनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "अर्नेस्टीन टॉलिव्हर. हिला ओळखतो मी. भारी बडबडी! मेलेल्याशीसुद्धा गप्पा मारत दाढी करायची. तुम्ही ओळखता?"

"थोडीफार."

"हल्ली येत नाही. रागावलीय वाटतं माझ्यावर."

अर्नेस्टीननं मानचिन्ह बाजूला ठेवलं. "नाही हो. रागावलेली नाही ती."

"मग सांगा तिला. म्हणावं, ल्यूशस वाट बघतोय."

"सांगते."

जेवणाचा ट्रे आला. तिनं त्याच्या गळ्याशी रुमाल खोचला आणि चमच्यानं सूप भरवायला घेतलं. तो शहाण्यासारखा जेवला. मधूनमधून मात्र तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिला.