विरळ वस्ती

देशाच्या सुरक्षेचं धोरण कसं ठरतं, हे मसुदेकराला विचारावं. वीस वर्षं मसुदे लिहून लिहून त्याचं हेच नाव पडलं होतं. आधी चहा येतो, मग मागच्या खेपेचा कागद येतो, तारीख बदलली की काम सुरू. अकरा खाती, अकरा सह्या, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं वाक्य खोडायची भारी हौस.

यंदा पानं कमी करा म्हणून साहेबांचा धोशा होता. मसुदेकराने सीमेवरच्या खोऱ्याचं पानभर वर्णन कापलं आणि ‘विरळ वस्ती’ एवढंच ठेवलं. ते वाचून संरक्षणवाल्यांनी बचावाची रेषा खोऱ्याच्या अलीकडे, डोंगरावर ओढली; म्हणजे हल्ला झाला तर खोरं सोडून द्यायचं. खर्च वाचला म्हणून अर्थखात्याने मान डोलावली. खोऱ्यात माणसं होती चाळीस हजार, त्यांत मसुदेकराची सख्खी ताई.

रेषा पाहिली मात्र, तो साहेबांकडे धावला.

“साहेब, चूक माझी आहे. दोन शब्द बदलू द्या.”

“सह्या झाल्यात रे सगळ्यांच्या. शब्द बदलला की रेषा बदलणार. मग तेवढी फौज कुठून आणू?”

“पण तिथे चाळीस हजार माणसं आहेत!”

“माहीत आहे,” साहेब हळूच म्हणाले. “सगळ्यांनाच माहीत आहे.”

मेल्यांनो, माहीत होतं तर सह्या कशा केल्यात? पण हे तो मनातच म्हणाला. त्याची स्वतःचीही सही होतीच की खाली.

जेवणाच्या सुट्टीत दारावरच्या शिपायाकडे जमा केलेला आपला फोन त्याने मागून घेतला. शिपाई हातभर अंतरावर उभा. गुपित फोडलं तर थेट तुरुंग. तेवढ्यात ताईचाच फोन आला.

“अरे, घर बघितलंय. नदीकाठी, अंगणासकट! तुझे भाऊजी उगाच घाबरतात, सीमा जवळ आहे म्हणे. घेऊ ना?”

“ताई, त्यापेक्षा इकडेच या ना राहायला. मला करमत नाही गं.”

“बायको-पोरांनी घर भरलंय आणि म्हणे करमत नाही! नीट सांग, घेऊ का?”

शिपाई बघत होता. 

“तुझं तू बघ, ताई.”

“म्हणजे घेऊ!” ती खळखळून हसली. “काही धोका असता तर तू आकाशपाताळ एक केलं असतंस. ओळखत नाही का मी तुला? उद्याच खरेदीखत करून टाकते.”