थोरली चटई

तमिळ मुलखातल्या त्या गल्लीतल्या भजनमठात दोन चटया असतात. देवासमोरची धाकटी, तिच्यावर आठवीपर्यंतची मुलं. आणि उजव्या अंगाची थोरली, तिच्यावर नववीपासून पुढचे सगळे, पार पेन्शनीत गेलेल्यांपर्यंत. जूनमध्ये शाळा उघडल्या की पहिल्या एकादशीला नववीत गेलेली मुलं धाकटीवरून उठतात, विठोबाला नमस्कार करतात आणि थोरलीवर जाऊन बसतात. नागलक्ष्मी मामींनी त्यांना पाचव्या वर्षापासून नामावळी, म्हणजे देवाच्या नावांची छोटी भजनं, शिकवलेली असते. त्या प्रत्येकाच्या हातावर एकेक रव्याचा लाडू ठेवतात. झालं, एवढाच सोहळा. आणि दिवाळी येईपर्यंत त्यातली निम्मी मुलं दिसेनाशी होतात. विचारलं तर म्हणतात, ट्यूशन आहे.

पवित्राला हे पक्कं ठाऊक होतं, कारण ती स्वतः त्यातलीच. तीन एकादश्या ती थोरल्या चटईवर तोंड मिटून बसली आणि चौथ्या एकादशीला तिचं पोट दुखलं. ते पुढं बारा-तेरा वर्षं दुखतच राहिलं. लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी पाच वर्षांची झाली, तेव्हा कुठे तिचं बोट धरून पवित्रा परत मठात आली. आपलं जे झालं ते शरण्याचं होऊ द्यायचं नाही, एवढं तिनं मनाशी धरलं होतं.

धाकट्या चटईमागे आयांची ओळ असते. मुलाचा शब्द अडला की मागून कुजबुजायचं, ताल सुटला की पाठीवर बोटं टेकवायची. पवित्रानं हे आठ वर्षं केलं. थोरल्या चटईमागे मात्र भिंत आहे.

शरण्या नववीत गेली, त्या पहिल्या एकादशीला ती खांबापाशी बसून लेकीकडे बघत राहिली. मामी मुलांना पाच कट्टैत गायला लावतात. कट्टै म्हणजे पेटीतली पट्टी. थोरले गातात दोन कट्टैत, पुरुषांच्या गळ्यानं. शरण्या खाली उतरली तर आवाज घोगरा होई, वर गेली तर फाटे. दोन नामावळ्यांनंतर तिचे ओठ हलत होते, पण गळ्याची शीर हलत नव्हती. हे दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. पवित्राला दिसलं.

दुसऱ्या दिवशी ती हरिकृष्ण मामांच्या पितळी भांड्यांच्या दुकानात गेली. थोरली गोष्ठी, म्हणजे थोरल्या चटईवरची भजनी मंडळी, तेच चालवतात. समया पुसता पुसता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पवित्रा बी.एस्सी. झालेली, तिनं वयात येताना मुलींचा गळा कसा बदलतो तेही समजावलं आणि पट्टी थोडी चढवता येईल का, असं विचारलं. मामा भला माणूस. सांगितलंस ते बरं केलंस, म्हणाले.

पुढच्या एकादशीला त्यांनी श्रुतीपेटी तीन कट्टैवर नेली आणि भर गोष्ठीत, अगदी प्रेमानं, जाहीर केलं, "आपल्या शरण्याला दोन झेपत नाही, पवित्रा सांगून गेली. तेव्हा आज तीन."

मृदंगवाल्या वेंकटेशनं मृदंग दोनात लावून आणला होता. दगड आणि खुंटी काढून त्यानं सूर चढवण्यासाठी कडेवर ठोकायला सुरुवात केली. ठक, ठक. पाव तास ते ठोकणं चाललं आणि तेवढा वेळ चाळीस माणसं एका पोरीकडे बघत होती. मग चरणात मामांचा आवाज वरच्या षड्जावर चिरकला. मागच्या ओळीतले एक आजोबा तमिळमधून म्हणाले की, बालगोष्ठीच इकडे येऊन बसली वाटतं. पोरं फिसकन हसली. शरण्या चटईचे काथे मोजत असल्यासारखी खाली बघत राहिली.

घराच्या फाटकापाशी आल्यावर तिनं विचारलं,

"त्यांना का सांगितलंस गे?"

"तुला त्रास होत होता म्हणून."

"होत होता. मला एकटीला होत होता. आता सगळ्यांना झाला." मग चप्पल काढता काढता म्हणाली, "पुढच्या एकादशीला मी येत नाही."

ट्यूशनचं नाव तिनं घेतलं नाही, याचं पवित्राला जास्त भय वाटलं.

तिनं दोन दिवस काढले आणि नागलक्ष्मी मामींच्या घरी गेली. मामी केळफूल निवडत होत्या. सगळं ऐकून आधी त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या, ठोकाठोकीपाशी तर फारच. मग थांबल्या.

"हरीला कशाला सांगितलंस? त्याला काय कळतं पोरींच्या गळ्यातलं! अंबुजा कशी गाते त्या चटईवर? तिचा काय पुरुषाचा गळा आहे?"

अंबुजा म्हणजे पलीकडच्या गल्लीतली बारावीतली मुलगी. पवित्रानं तिचा विचारच केला नव्हता.

मामींनी एक पाकळी सोलून ठेवली. "चूक माझीपण आहे. लाडू देते नि पाठवते. पलीकडे त्यांचा हात धरायला कोण आहे, ते इतक्या वर्षांत एकदा पाहिलं नाही. तुझ्या वेळीही नाही."

पवित्रानंही एक पाकळी सोलायला घेतली आणि विचारलं, "मग मी सांगू अंबुजाला?"

"तू? तू आता कुणाला काही सांगू नकोस, माझे आई."

एकादशीच्या संध्याकाळी साडेपाचला अंबुजा आली, वेणी अर्धी ओली. शरण्या आत अभ्यासाचं पुस्तक उघडून बसली होती. पवित्रा स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. गॅस बंद करून उभी राहिली, इतकंच.

अंबुजा सांगत होती की तीपण नववीत सहा महिने मुकीच होती. मग एका अक्कानं तिला सांगितलं, पल्लवी, म्हणजे ध्रुवपद, खाली म्हणायची, चरणात आपण मुली वरच्या सप्तकात जायचं, आणि मधल्या ज्या ओळीत गळा कुठेच बसत नाही तिथे नुसते टाळ वाजवायचे. "हरिमामांना वाटतं आम्ही भक्तीत तल्लीन झालोय."

शरण्या हसली. पुष्कळ दिवसांनी.

"नि ते आजोबा?" तिनं विचारलं.

"ते दर वर्षी कुणाला तरी बोलतात. मला बेडूक म्हणाले होते."

मग दोघींनी काहीतरी हळू गाऊन पाहिलं, मध्येच तुटलं, पुन्हा धरलं. पवित्राला अडलेला शब्द आठवत होता, तोंडापर्यंत आला होता. तिनं ओठ दाबले. शरण्याला तो जरा उशिरानं सापडला.

जाताना लेक दारात थांबली. "आई, तू आज येऊ नकोस हं."

"नाही येत."

पवित्रा बाहेरच्या तिण्णैवर, दारालगतच्या ओट्यावर, बसली. गल्लीच्या टोकाकडून आवाज येऊ लागला. ऑटो गेली, दूधवाला गेला, पवित्रानं मान लांब करकरून ऐकलं. चाळीस गळ्यांतून एक काही वेगळा काढता येईना. दोनदा ती उठली. एकदा तर फाटकाच्या कडीवर हात गेला. नवरा बँकेतून आला, तिला तशी बघून आपणच चहा टाकायला आत गेला.

आठाला माणसं परतू लागली. शरण्या त्यांच्यात नव्हती. आजोबा गेले, वेंकटेश मृदंग खांद्याला लावून गेला आणि तिला बघून उगाच हसला. शेवटी दोघी मुली आल्या, रमतगमत, हाताला चटयांची धूळ.

"उशीर झाला," शरण्या म्हणाली. "थोरली चटई आम्हाला गुंडाळावी लागते. केवढी जड आहे!"

गाणं कसं झालं, ते विचारायला पवित्रानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"पुढच्या रविवारी गोविंदपुरमला भजन आहे," शरण्या आत जाता जाता म्हणाली. "मी गोष्ठीच्या व्हॅनमधून जाणार आहे, अंबुजाक्काशेजारी. तू मामींबरोबर बसनं ये."