आवक एक, बाजार तेजीत

जवळा बाजारचे शेतमालाचे भाव रोज सांगणारी वेबसाइट मी चालवतो. तिच्यावर कोणत्या जाहिराती दिसाव्यात, हे मीच ठरवतो. रमीची बंद केली, कारण आमचे वडील खेळायला बसले. टकलावरच्या औषधाची बंद केली, कारण टक्कल असलेला प्रत्येक माणूस मला येऊन विचारायचा, "हे मलाच ना?" उरल्या फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्यानं कुणाचं काय बिघडतंय?

परवा जगनमामांचा वाढदिवस होता. त्यांच्या लेकीशी, दिपाशी, माझं लग्न ठरत आलेलं. मामांचा होकार तेवढा बाकी. मी वेबसाइटवर त्यांचा मोठा फोटो टाकला, गॉगलसकट. सकाळीच फोन आला.

"पावणं, मी कुठं हाय?"

"भावाच्या तक्त्याच्या वरच, मामा."

"वर पांढरंफटक हाय! सोयऱ्यांसमोर उघडलं मी."

मी त्यांच्या तांड्यावर गेलो. मोबाइल बघितला, तर त्यात जाहिराती अडवणारं ॲप.

"हे काहून टाकलं, मामा?"

"त्या खेमाचं थोबाड दिसून राहिलं होतं ना!" खेमा म्हणजे पंचायतीला मामांच्या विरोधात उभा राहणारा. "त्याचा एक वाढदिवस महिनाभर चालला."

"मग आता ॲप काढा."

"आन खेमा परत आला तर?"

"ॲपला खेमा वळखू येत न्हाई. ते सगळ्यांनाच अडवतं."

"मंजे खेमा आन मी त्याला सारखेच?" मामांनी मोबाइल पालथा ठेवला. "लेकीचं मंग बघू."

चहा देताना दिपानं डोळे वटारले. "कायतरी करा."

ॲप जाहिराती अडवतं, भाव नाही. मी तिथंच ओट्यावर बसून भावाच्या तक्त्यात एक ओळ वाढवली. सोयाबीन, तूर, हळद, जगन. आवक एक. बाजार स्थिर.

मामांनी दोनदा वाचलं. "हळदीच्या खाली काहून?"

त्यांना वर घेतलं.

"आन वाढदिवसाला स्थिर?"

तेजीत केलं. मामांचा चेहरा जरा सैल झाला, तेवढ्यात वारंगा फाट्याच्या एका व्यापाऱ्याचा मला फोन आला.

"हा जगन नवा वाण दिसतो. ओल किती हाय?"

मी फोनवर हात ठेवून मामांना विचारलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"सांग, कडक वाळलेला."

"मंग उचलायला टेम्पो धाडू का, विचारतोय."

मामांनी आत दिपाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"धाड म्हणावं," ते म्हणाले. "वऱ्हाडाला लागंलच."